डॉट ऑर्गचा सातबारा

प्रति,
विश्वस्त मंडळ, इंटरनेट सोसायटी,
रेस्टन, व्हर्जिनिया, अमेरिका



आमच्या वाचनालयाचं ऑडिट एप्रिलमध्ये होतं. वाचनालय सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आहे, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं, ‘ब’ वर्गाचं. मी त्याचा कार्यवाह. ऑडिटर पावत्यांची फाइल चाळत होते. वीजबिल, साप्ताहिकांच्या वर्गण्या, जुन्या कादंबऱ्यांची बांधणी, वाळवीचं औषध. मध्येच ईमेलवरून छापून घेतलेला एक कागद निघाला. डोमेन नूतनीकरण, एक वर्ष.

“हे काय?”

“संकेतस्थळाचं नाव. आपलं डॉट ऑर्ग आहे ना, त्याचं.”

“म्हणजे विकत घेतलंय?”

“नाही. दरवर्षी पैसे भरावे लागतात.”

“मग भाडं झालं. मालक कोण?”

ज्या कंपनीची पावती होती तिचं नाव मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “ती दलाल. मालक कोण ते सांगा.” हा खर्च डेडस्टॉकला घ्यायचा की किरकोळीत टाकायचा, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. मला सांगता येईना. त्यांनी पेन्सिलीने ‘किरकोळ’ असं लिहिलं आणि पान उलटलं. माझं मन मात्र त्या पानावरून हललं नाही. घरी येऊन शोधायला बसलो, आणि शोधत शोधत तुमच्या दारात आलो.

आम्ही दलालाला पैसे देतो, दलाल त्यातले काही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीला देतो. 2019 साली हा घाऊक दर एका नावाला वर्षाला 9.93 डॉलर होता. रजिस्ट्री ही पेनसिल्वेनिया राज्यात नोंदलेली ना-नफा संस्था. 2002 मध्ये ती तुम्ही काढली, तिचे संचालक तुम्ही नेमता, आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमच्याकडे येतात. डॉट ऑर्गची नावं एक कोटीहून जास्त आहेत. गुणाकार आमच्या गावातला सातवीचा मुलगाही करील: वर्षाला दहा कोटी डॉलरच्या आसपास. त्यातून तुमचा संसार चालतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या आयईटीएफला तुम्ही मदत करता. तिच्या कारभारासाठी 2018 मध्ये जी एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, काढली तिचे एकमेव सदस्यही तुम्हीच. अनुदानं वाटायला तुमचं फाउंडेशन वेगळं. देशोदेशी शाखा आहेत, भारतातही आहेत. कागदावर घरं चार-पाच, चूल एक.

यात गैर काही नाही. आमच्याकडे एकाच शिक्षण संस्थेच्या शाळा, वसतिगृह आणि पतपेढी अशा तीन नोंदण्या असतात आणि तिन्ही ठिकाणी सचिवांची सही एकच असते. कायद्याने वेगळं असणं सोयीचं असतं. एकावर दावा झाला तर दुसरं बुडत नाही, करांचा हिशेब स्वच्छ राहतो. अडचण पुढे येते. वेगळेपणा सोयीचा असेल तेव्हा वेगळेपण दाखवायचं आणि मालकी सोयीची असेल तेव्हा मालकी, असं सुरू झालं की खालच्या माणसाला कळत नाही की आपण नक्की कुणाच्या ओसरीवर बसलो आहोत. 13 नोव्हेंबर 2019 रोजी ते उघड झालं.

त्या दिवशी तुम्ही जाहीर केलं की रजिस्ट्री इथॉस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला विकतो आहोत. किंमत पुढे बाहेर आली: 113.5 कोटी डॉलर. त्या वेळच्या भावाने आठ हजार कोटी रुपये. खरेदीदार त्याच वर्षी जन्माला आलेला, आणि त्याच्या सल्लागारांत आयकॅनचे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचे, एक माजी प्रमुख. घोषणेच्या साडेचार महिने आधी, 30 जूनला, आयकॅनने रजिस्ट्रीशी नवा करार केला होता आणि वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त दरवाढ नको ही जुनी मर्यादा त्यातून काढून टाकली होती. ती काढू नका असं सांगणारे अभिप्राय हजारोंनी आले होते. आधी कुंपण काढलं आणि मग जमिनीला गिऱ्हाईक आलं. दोन्हींचा संबंध होता असा आरोप मी करत नाही. पण गावात असं झालं असतं तर पारावर काय बोलणं झालं असतं ते मला माहीत आहे.

आता थोडं आमचं ऐका. आमच्या वाचनालयामागे चार गुंठे जागा आहे. एका निवृत्त शिक्षकांनी ती मुलांच्या दालनासाठी बक्षीसपत्राने दिलेली. काही वर्षांपूर्वी एका विकासकाने तिथे दुकानगाळे बांधायचा प्रस्ताव आणला. रक्कम अशी होती की कार्यकारिणीत पहिल्यांदाच सगळे वेळेवर आले. ठराव झाला, पण ठरावाने जागा विकली जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950, त्याचं कलम 36. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी. बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तरी मंजुरी. आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात दिली, बंद पाकिटात देकार मागवले, मूल्यांकनाचा अहवाल घेतला आणि सुनावणीला गेलो.

अधिकाऱ्यांनी किमतीबद्दल फारसं विचारलं नाही. बक्षीसपत्र मागितलं. चष्मा वर करून त्यातलं एक वाक्य सावकाश वाचलं आणि विचारलं, “देणाऱ्याने ही कशासाठी दिली होती?” आमच्या अध्यक्षांनी सांगितलं, पैसे बँकेत ठेवू आणि व्याजावर वाचनालय चालवू. “ते ठीक. पण मुलांचं दालन कुठे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. महिनाभराने अर्ज मागे घेतला. आज त्या जागेवर पत्र्याची शेड आहे, आत दोन कपाटं आहेत, आणि शनिवारी इतकी पोरं येतात की चपला दाराबाहेर मावत नाहीत.

चार गुंठ्यांना हे सगळं. एक कोटी नावांना मात्र एक पत्रक पुरलं. घोषणेच्या दिवशी आम्ही कुणी तुमच्या खिजगणतीत नव्हतो. तुमच्याच काही शाखांना धक्का बसला आणि नेदरलँड्सच्या शाखेने तर जाहीर विरोध केला. तुमचे विश्वस्त शाखा, संस्था-सभासद आणि आयईटीएफ यांच्याकडून येतात. ज्यांच्या वार्षिक पैशावर हा वाडा उभा आहे त्या डॉट ऑर्गवाल्यांची त्यात एकही खुर्ची नाही. आमच्याकडे वर्गणीदार सर्वसाधारण सभेत उठून कार्यवाहाला फैलावर घेतो. मी स्वतः दोनदा घेतला गेलो आहे, एकदा पंख्यावरून आणि एकदा दिवाळी अंकांवरून.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही म्हणालात, आपलं सगळं उत्पन्न एकाच धंद्यावर अवलंबून आहे, उद्या डोमेन नावांची मागणी आटली तर काय? एकरकमी निधी आला तर त्याच्या उत्पन्नावर कायमचं काम करता येईल. यात तथ्य होतं. सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येणार म्हणून वाट बघत बसलेल्या कार्यवाहाला निधीचं मोल पटवून द्यावं लागत नाही. आमच्या अध्यक्षांनीही सुनावणीत अगदी हेच सांगितलं होतं, शब्दसुद्धा जवळपास तेच. पण ज्या वस्तूवर निधी उभा करायचा ती तुम्हाला कशी मिळाली हे आधी बघायला हवं होतं.

डॉट ऑर्ग 1985 मध्ये सुरू झालं, ज्या संस्था दुसऱ्या कुठल्याच खान्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी. पुढे ते नेटवर्क सोल्यूशन्सकडे आणि ती कंपनी विकत घेतल्यावर व्हेरिसाइनकडे आलं. व्हेरिसाइनने ते सोडायचं कबूल केल्यावर 2002 मध्ये आयकॅनने अर्ज मागवले. अकरा आले, त्यातला तुमचा निवडला गेला. तुम्ही ते विकत घेतलं नाही. उलट कामाला लागण्यासाठी व्हेरिसाइनकडून पन्नास लाख डॉलर तुम्हाला मिळाले. 1 जानेवारी 2003 पासून कारभार तुमच्या रजिस्ट्रीकडे. तुम्हाला निवडलं गेलं ते ना-नफा संस्थांचं हित बघणारी ना-नफा संस्था म्हणून. आमच्या भाषेत ही जमीन खरेदीखताने आलेली नव्हती, बक्षीसपत्राने आली होती आणि त्यात वाक्य लिहिलेलं होतं.

जॉन पोस्टेल यांचं नाव मी तुम्हाला सांगावं हे हास्यास्पद आहे. तुमचे पहिले वैयक्तिक सभासद तेच. मार्च 1994 मध्ये डोमेन नावांच्या व्यवस्थेवर त्यांनी जो दस्तऐवज लिहिला त्यात एक गोष्ट साफ सांगितली होती: डोमेनच्या बाबतीत हक्क आणि मालकीची भाषा गैरलागू आहे, बोलायचं असेल तर जबाबदारीबद्दल आणि सेवेबद्दल बोला. ज्या घरात हा माणूस विश्वस्त म्हणून बसला होता, त्या घराने पंचवीस वर्षांनी किमतीचा आकडा काढला.

शेवटी व्यवहार थांबला, पण तो तुम्ही थांबवला नाही. जानेवारी 2020 मध्ये लॉस एंजेलिसला आयकॅनच्या कचेरीबाहेर लोक फलक घेऊन उभे राहिले. अमेरिकेच्या सिनेटरांनी पत्रं लिहिली. आयकॅनच्या पहिल्या अध्यक्ष एस्थर डायसन आणि पहिले मुख्याधिकारी माइक रॉबर्ट्स यांनी काही मंडळींबरोबर कॅलिफोर्नियात चक्क एक सहकारी संस्था काढली, डॉट ऑर्ग वापरणाऱ्यांची. सहकारी म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाचे कान टवकारतातच. आमच्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहिलेले आणि काही ठिकाणी कर्जात बुडून खासगी झालेले, दोन्ही आम्ही पाहिले आहेत. फाटकावरची पाटी बदलली की ऊस तोच असतो, पण सभासदाला काट्यावर रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा सहकार म्हणजे रामबाण असं मी म्हणणार नाही. तरी ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांनाच मालक करा, हा विचार अमेरिकेत कुणाच्या डोक्यात यावा याचं मला बरं वाटलं.

15 एप्रिल 2020 रोजी कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल झेवियर बेसेरा यांनी आयकॅनला पत्र लिहून हा व्यवहार नामंजूर करा असं सांगितलं. आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली धर्मादाय स्वरूपाची संस्था, म्हणून तिच्यावर त्यांची नजर. म्हणजे धर्मादाय आयुक्त तुमच्याकडेही आहेत, फक्त खुर्चीचं नाव वेगळं. रजिस्ट्री पेनसिल्वेनियाची असल्यामुळे तिचं स्वरूप बदलायला तिथल्या न्यायालयाचीही मंजुरी लागणार होती, आणि त्या न्यायालयाचं नाव, शब्दशः, अनाथांचं न्यायालय. कुणी ठेवलं असेल ते असो, आम्हा डॉट ऑर्गवाल्यांना तेव्हा ते अगदी लागू पडत होतं. 30 एप्रिलला आयकॅनच्या मंडळाने नकार दिला. कारणं दोन मला महत्त्वाची वाटली. ना-नफा संस्थेच्या जागी भागधारकांशी बांधलेली कंपनी येणार होती, आणि खरेदीसाठी काढलेलं 36 कोटी डॉलरचं कर्ज रजिस्ट्रीच्याच डोक्यावर बसणार होतं.

हे दुसरं कारण आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला एका वाक्यात कळतं. जमीन विकत घ्यायला कर्ज काढायचं आणि बोजा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवायचा. हप्ता कोण फेडणार? जो पिकवतो तो. दरवाढ वर्षाला सरासरी 10 टक्क्यांच्या आत ठेवू, आठ वर्षं पाळू, असं इथॉसने कबूल केलं होतं. 9.93 वर आठ वर्षं 10 टक्के चढवले की 21 डॉलर होतात. दुपटीहून जास्त, आणि हे आश्वासन म्हणून दिलं जात होतं!

गोष्ट इथे संपली असती तर मी आज पत्र लिहिलं नसतं. रजिस्ट्रीचं यंत्र, म्हणजे नावांचा साठा सांभाळणारी तांत्रिक बाजू, सुरुवातीपासून अफिलियास नावाच्या कंपनीकडे होतं. 2020 च्या अखेरीस अफिलियासला डोनट्स नावाच्या कंपनीने घेतलं. मग डोनट्सचं नियंत्रण इथॉस कॅपिटलकडे गेलं, आणि 2022 मध्ये सगळ्याचं नाव आयडेंटिटी डिजिटल झालं. ज्याला पुढच्या दाराने येऊ दिलं नाही तो मोटेवरचा गडी झाला. हे बेकायदा नाही, आणि कंत्राटदार मालक नसतो हेही मला कळतं. पण मालकी, ताबा, कंत्राट आणि कर्ज या चार गोष्टी वेगवेगळ्या हातांत फिरत असताना संस्था वाचते ती तिच्या घटनेतल्या वाक्यांमुळे. तुमच्या घटनेत ते वाक्य कुठे आहे? त्या वेळी तुम्हाला अडवणारे तिघेही बाहेरचे होते, एक करारातला समोरचा पक्ष, एक सरकारी वकील आणि रस्त्यावरचे लोक. पुढच्या वेळी ॲटर्नी जनरल दुसरे असतील. आयकॅनच्या मंडळातही दुसरी माणसं असतील.

मागणं फार मोठं नाही, आणि उदाहरण तुमच्या शेजारीच आहे. 2016 मध्ये अमेरिकी सरकारने इंटरनेटच्या मूळ नोंदवहीवरची देखरेख सोडली तेव्हा आयकॅनने पीटीआय नावाची एक संलग्न संस्था काढली. तिची एकमेव सदस्य आयकॅनच. नातं अगदी तुमचं आणि रजिस्ट्रीचं आहे तसं, आई आणि लेक. पण आयकॅनच्या उपविधींत लिहून ठेवलं आहे की हे सदस्यत्व सोडायचं किंवा दुसऱ्या कुणाला द्यायचं तर आयकॅनच्या मंडळाचा ठराव पुरणार नाही, समुदायाच्या संस्थांची मंजुरी लागेल. आईला लेक परस्पर उजवता येणार नाही. आयकॅनच्या बाकी कारभाराचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, पण हे कलम त्यांनी बरं लिहिलं. ते तुम्ही उतरवून घ्या.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, ‘इतर हक्क’. मालक एक असतो, पण त्या रकान्यात कुळाची नोंद असते, विहिरीतल्या वाट्याची असते, वाटेच्या हक्काची असते. मालकाला जमीन कसता येते, पण ती विकताना त्या रकान्याकडे डोळेझाक करता येत नाही. डॉट ऑर्गवाल्यांना तुमच्याकडून मालकी नको आहे. आमचं नाव त्या रकान्यात घाला. रजिस्ट्रीचं नियंत्रण बदलायचं असेल, तिच्यावर कर्ज चढवायचं असेल किंवा यंत्राचं कंत्राट दुसऱ्याला द्यायचं असेल, तर आधी जाहीर नोटीस, पुरेशी मुदत, आणि नावधारकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची संमती. तुमच्यात आणि रजिस्ट्रीत जो करारमदार आहे तो पूर्ण छापा. वर्षाला लेकीकडून आईकडे किती आले आणि आईने त्यातले कुठे किती दिले हे एका पानावर, आमच्या ऑडिटरला समजेल अशा भाषेत मांडा. त्यांना इंग्रजी बरं येतं, काळजी नसावी.

जाता जाता एक बारीक तक्रार. तुमची हीच रजिस्ट्री देवनागरीतही एक शेपूट चालवते, डॉट संगठन. ऐकून बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं की तो शब्द हिंदीचा आहे. मराठीत आम्ही ‘संघटन’ लिहितो, ‘संघटना’ लिहितो. आमच्या वाचनालयाच्या पाटीवर कुणी ‘संगठन’ रंगवलं असतं तर मराठीच्या बाईंनी शिडी लावून पुसलं असतं. निर्णय घेताना कुणी मराठी माणसाला विचारलं होतं का, हे विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

पुढचं नूतनीकरण जानेवारीत आहे. पैसे आम्ही भरणारच, कारण तेवीस वर्षांच्या दिवाळी अंकांची सूची त्या पत्त्यावर आहे आणि मुंबई-पुण्याला गेलेली गावची पोरं ती बघतात. ऑडिटर त्यानंतर एप्रिलमध्ये येतील. गेल्या वेळचं ‘किरकोळ’ त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, शाईने नाही. तुमचं उत्तर आलं तर ते त्या पावतीला टाचून ठेवतो.

कळावे.

आपला,
एका गावच्या वाचनालयाचा कार्यवाह